पेडगाव व्हाया पेण

पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी एक मुलगा जन्मला. नाव विनायक नरहर भावे. चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ ला, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावात दुसरा जन्मला. नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. या दुसऱ्याचं बालपण गेलं रोह्यात. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. आज पेण आणि रोहा ही पनवेलच्या पुढची एकाच लोहमार्गावरची स्टेशनं आहेत. पण या दोन पोरांच्या आयुष्याच्या गाड्या सुरुवातीलाच वेगळ्या रुळांवर गेल्या.

रोह्याचा चिंतामण १९१२ साली मॅट्रिकला पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन गेला. पुढे केंब्रिज, आयसीएस, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, मग देशाचा अर्थमंत्री. घरोघरी मुलांना ‘बघ, असं व्हावं’ म्हणून दाखवावा असा हा आलेख. गागोद्याच्या विनायकाचं कुटुंब बडोद्याला गेलं होतं. १९१६ च्या मार्चमध्ये तो इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जायला निघाला आणि मधेच सुरतेला उतरून काशीच्या गाडीत बसला. त्याआधीच त्यानं आपले शाळा-कॉलेजचे दाखले आईसमोर जाळून टाकले होते. वय वर्षं वीस.

त्या दिवशी पेणच्या बाजारात कुणी विचारलं असतं, की या दोघांतला शहाणा कोण, तर उत्तराला क्षणही लागला नसता. इथल्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, गाडीची गारी होते, तसा वेड्याचा ‘येरा’ होतो. दाखले जाळणारा तो येरा. बास.

हाच विनायक पुढे विनोबा झाला. आज विनोबांना असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. पण यात विनोबा बदलले नाहीत, माणूस तोच. त्याच्याकडे बघणाऱ्यांची मोजपट्टी बदलली. समाजाच्या रुळलेल्या वाटेवरून बाजूला झालेल्याला आपण पहिल्यांदा वेडा म्हणतो, मग चमत्कारिक म्हणतो आणि तो पुरेसा मोठा किंवा पुरेसा मेलेला असला की थोर म्हणतो. ही तीन लेबलं कोण चिकटवतं, कधी बदलतं आणि मधल्या काळात त्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न ज्या साहित्यानं सगळ्यात जास्त कुरतडला त्याला बंडखोरीचं, प्रतिसंस्कृतीचं साहित्य म्हणतात. मराठीत त्याचा सर्वांत जोमदार काळ १९५५ ते १९७५ हा लघुअनियतकालिकांचा. त्या चळवळीतला एक महत्त्वाचा कवी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत पेणलाच राहत होता. त्याच्यापर्यंत आपल्याला पोचायचं आहे, पण सरळ रस्त्यानं नाही.

वेड लागतं, वेड पांघरतात

मराठीत वेडाला जेवढे शब्द आहेत तेवढे शहाणपणाला नाहीत. वेडा, खुळा, येडचाप, चक्रम, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, भ्रमिष्ट, पिसाट, छांदिष्ट आणि अलीकडचा सर्किट. यांतल्या प्रत्येकाचं वजन वेगळं. छांदिष्टाला आपण चहा पाजतो, चक्रमापासून चार हात लांब राहतो, भ्रमिष्टाची कीव करतो. शिवाय आपल्या भाषेनं एक गंमत करून ठेवली आहे. रोग आणि प्रेम या दोन्हींना तिनं एकच शब्द दिला. डोक्यावर परिणाम झाला तरी ‘वेड लागलं’ आणि गाण्यासाठी कुणी नोकरी सोडली तरी ‘वेड लागलं’. पहिल्या वेळी आवाज खाली येतो, दुसऱ्या वेळी त्यात थोडा हेवा असतो.

दुसरी गंमत म्हणीत आहे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे.’ पेडगाव हे श्रीगोंदे तालुक्यातलं भीमेकाठचं गाव, मोगलांच्या बहादूरगडाचं. म्हणीचा अर्थ मात्र साधा: वेड हे पांघरूणही असू शकतं. अंगावर घ्यावं, आपलं काम साधावं आणि काढून ठेवावं. म्हणजे वेड्याचं वेड खरं की सोंग, हा प्रश्न मराठी माणसाला पाश्चात्त्य मानसशास्त्र यायच्या आधीपासून पडलेला आहे.

वेड पांघरणाऱ्यांचा जगातला सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी म्हणजे शेक्सपिअरचा हॅम्लेट. त्याला मराठीत आणलं गोपाळ गणेश आगरकरांनी, ‘विकारविलसित’ या नावानं, १८८३ साली. त्या काळच्या सनातनी पुण्यानं याच आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्याचं बोलणं खोडून काढता येत नाही त्याला समाजाबाहेर काढायच्या तीन युक्त्या आहेत: तो वेडा आहे म्हणायचं, तो मेला आहे म्हणायचं, नाहीतर तो देव आहे म्हणायचं.

तिसरी युक्ती आपल्याकडे फार जुनी. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला राहत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्या वाचताना दिसतो तो कुणाच्याही घरात शिरणारा, स्वतःशीच बोलणारा, मन मानेल ते उचलून खाणारा, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत मुक्त फिरणारा एक माणूस. गाव त्याला वेडाही म्हणतं आणि मायबापही म्हणतं. एकाच ग्रंथात दोन्ही. पुढे दत्तसंप्रदायातल्या अवधूतांपासून शेगावच्या गजानन महाराजांपर्यंत ही परंपरा चालत आली. १८७८ साली शेगावात लोकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचताना.

या परंपरेला आपण ‘अवलिया’ म्हणतो. हा शब्द प्रेमळ आहे आणि सोयीचाही आहे. अवलियानं सोवळं मोडलं तर ती लीला ठरते. आपल्याला सोवळं मोडावं लागत नाही. त्याला नमस्कार केला की आपली जबाबदारी संपते. म्हणून लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की विसाव्या शतकातल्या बंडखोर लेखकांनी हे देवपण नाकारलं. त्यांना नमस्कार नको होता. त्यांना भांडण हवं होतं.

साच्यातून निघालेले

पेण म्हटलं की गणपती. पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात. साचा असतो, त्यात माती किंवा प्लास्टर जातं आणि एकसारखे गणपती रांगेनं वाळत पडतात. हे कौशल्याचं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण भाषेनं याच कामावरून एक शिवी तयार केली: ‘साचेबद्ध’. पन्नास-साठच्या दशकात मुंबईतल्या काही तरुणांनी ही शिवी प्रस्थापित मराठी साहित्याला दिली. गुळगुळीत मासिकं, ठरावीक लांबीची कथा, मध्यमवर्गीय घरातलं हळवं दुःख, शेवटी अलगद समेट. सगळं एका साच्यातलं.

१९५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं. सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेली पानं. चित्रे तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं. पुढे ‘वाचा’, ‘येरू’, ‘आत्ता’, ‘फक्त’, ‘तापसी’ अशी रांग लागली. नावंच बघा. साहित्य-मंदिराच्या पायऱ्यांवर ठेवावीत अशी ती नाहीत, नाक्यावर उभं राहून बोलल्यासारखी आहेत. यांना अनियतकालिकं म्हणत, कारण अंक कधी निघेल याचा नेम नसे. खिशात पैसे असले की अंक, नसले की नाही. नियमितपणा हाच ज्या समाजात सद्गुण, त्यात अनियमित असणं हीसुद्धा भूमिका झाली.

शहाणे यांनी १९६३ सालीच ‘मनोहर’ मासिकात एक लेख लिहून तेव्हाच्या मराठी वाङ्मयाचा ‘क्ष-किरण’ काढला आणि मोठ्या नावांनाही सोडलं नाही. प्रस्थापितांना तो भ्रमिष्टपणा वाटला. त्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. पंचविशीतल्या लेखकानं गावाकडे बसून काही आठवड्यांत लिहून काढलेली. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही गोष्ट. तो अभ्यास, मेस, स्नेहसंमेलन, वादविवाद असं सगळं करून बघतो आणि त्याला कशातच अर्थ दिसत नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते तेव्हा तर जगाच्या व्यवस्थेवरचा त्याचा उरलासुरला विश्वासही जातो. परीक्षेचं गणित सुटत नाही आणि तो गावी परततो.

पांडुरंग वेडा आहे का? वैद्यकीय अर्थानं नाही. तो खातो, झोपतो, विनोद करतो. पण ‘पुढे काय करणार?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही आणि मध्यमवर्गीय घरात या प्रश्नाला उत्तर नसणं म्हणजे अर्धं वेड. ‘कोसला’चं बंड या ठिकाणी आहे. नायक काही जाळत नाही, कुणाला मारत नाही. तो फक्त उत्तर द्यायचं नाकारतो. साठच्या दशकातल्या हजारो तरुणांना आपण एकटे येडे नाही, हे त्या पुस्तकानं सांगितलं.

भाऊ पाध्ये यांनी दुसरी बाजू घेतली. ‘वासूनाका’ १९६५ साली आली आणि मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी कागदावर उतरली म्हणून अश्लीलतेचा गदारोळ झाला. वाया गेलेली पोरं, असा समाजाचा निकाल होता. पाध्यांनी निकाल दिलाच नाही, पोरांना बोलू दिलं. मनोहर ओक यांच्या ‘चरसी’ आणि ‘अंतर्वेधी’ या कादंबऱ्या त्याच्याही पुढे गेल्या. तिथे नशेतली, विस्कटलेली जाणीवच निवेदन करते. वाचकाला पाय ठेवायला घट्ट जमीन मिळत नाही आणि ती मिळू नये अशीच लेखकाची इच्छा असते.

ज्याला आधीच वेशीबाहेर ठेवलंय

इथे एक फरक केला पाहिजे. मध्यमवर्गीय पोरगा समाजाबाहेर पडतो तेव्हा तो घरातून बाहेर पडतो. त्याला परत यायला घर असतं. ज्याला समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच ठेवलं आहे त्याच्या बंडाला ‘नाकारणं’ हा शब्द अपुरा आहे.

याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. अकरा वर्षांपूर्वी एका मुलानं चुलीत स्वतःचे दाखले जाळले होते. इथे दुसऱ्यांनी लिहिलेला दाखला जाळला गेला, ज्यात माणसाची जागा जन्मानं ठरवली होती. पाणी पिणं हे जगातलं सर्वांत शहाणपणाचं कृत्य. ते ज्या समाजाला अघोरी वाटलं त्या समाजाच्या डोक्याची तपासणी कुणी करायची?

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्याची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकरांना मुंबईतली ती वस्ती पायी फिरून समजून घ्यावी लागली. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. तिचे एक संस्थापक राजा ढाले हे लघुअनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले. ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन विशेषांकातल्या त्यांच्या लेखानं महाराष्ट्र हादरला. ढसाळांच्या कवितेतली भाषा अनेकांना वेड्याची बडबड वाटली. खरं तर ती फार शिस्तीची भाषा होती, फक्त ती शिस्त वाचकाच्या ओळखीची नव्हती. वेडाचा आरोप पुष्कळदा इतकाच असतो: मला तुझं व्याकरण येत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. पुरुष बिथरला तर बंडखोर, बाई बिथरली तर वेडी. कमल देसाई यांच्या १९७५ च्या ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ या पुस्तकात दोन लघुकादंबऱ्या आहेत. त्यातल्या दुसरीचं शीर्षकच पुरेसं बोलकं आहे. डोक्यावर हॅट घालायला बाईला काही मोडावं-तोडावं लागत नाही. तरी ती हॅट लोकांच्या डोळ्यांत खुपते, कारण बाईच्या डोक्यावर काय असावं हे आधीच ठरलेलं आहे. कमलताईंचं गद्य स्वप्नासारखं सरकतं. काय घडलं आणि काय वाटलं यांच्यामधली भिंत त्यांनी काढून टाकली आहे. त्यांना दुर्बोध म्हणून बाजूला ठेवण्यात आलं. दुर्बोध हाही वेड्याचाच एक सभ्य प्रतिशब्द.

अमेरिकेतलं पेडगाव

हे सगळं एकट्या महाराष्ट्रात चाललं नव्हतं. १९६२ च्या सुरुवातीला अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग मुंबईत उतरला. कोलटकर, शहाणे या मंडळींशी त्याची गाठ पडली. तिकडे कलकत्त्यात ‘हंग्री’ कवींची चळवळ सुरू झालीच होती. तिच्यातल्या मलय रॉयचौधुरींना एका कवितेसाठी १९६४ मध्ये अटक झाली. शहाणे यांना बंगाली येत होतं, त्यामुळे मुंबई आणि कलकत्ता यांच्यातला एक पूल ते होते.

गिन्सबर्गचा वेडाशी संबंध पुस्तकी नव्हता. त्याची आई नेओमी कित्येक वर्षं मनोरुग्णालयांत होती. १९४९ मध्ये तो स्वतः न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात काही महिने होता. तिथे त्याला कार्ल सॉलोमन भेटला आणि ‘हाउल’ ही १९५६ ची कविता त्यानं याच मित्राला अर्पण केली. पुढच्या वर्षी त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला आणि न्यायालयानं ते निर्दोष ठरवलं. त्या कवितेचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर असा: माझ्या पिढीतले चांगले लोक वेडे झाले नाहीत, त्यांना वेडं करणारं यंत्र इथे चालू आहे.

अमेरिकन कादंबरीकार केन केसी एका रुग्णालयात रात्रपाळीला मदतनीस होता. तिथून त्याची १९६२ ची कादंबरी जन्मली. तिच्यावरचा ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ हा सिनेमा आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिला आहे. तिचा नायक मॅकमर्फी तुरुंगातली मजुरी टाळण्यासाठी वेडाचं सोंग घेऊन मनोरुग्णालयात येतो. म्हणजे चक्क वेड पांघरून पेडगावला जातो. पण ही म्हण एका गोष्टीबद्दल गप्प आहे: पेडगावला गेल्यावर पांघरूण काढू दिलं नाही तर? तुरुंगाला मुदत होती, इथे सुटका डॉक्टर आणि नर्सच्या मर्जीवर आहे, हे मॅकमर्फीला उशिरा कळतं. निवेदक ब्रॉम्डेन हा मूळ अमेरिकन जमातीतला, मुका-बहिरा असल्याचं सोंग घेऊन वर्षानुवर्षं गप्प बसलेला. त्याला सगळं ऐकू येतं. कारण मुक्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही.

सोव्हिएत रशियात हेच कादंबरीशिवाय घडत होतं. कवी जोसेफ ब्रॉडस्कीवर १९६४ मध्ये खटला झाला तो ‘आयतखाऊ’ असल्याचा. म्हणजे कविता लिहितोस, पण नोकरी का करत नाहीस? खटल्याच्या दरम्यान त्याला मनोरुग्णालयात तपासणीसाठी डांबलं. पुढे अनेक विरोधकांना ‘मंद गतीचा स्किझोफ्रेनिया’ असं निदान चिकटवून कोंडलं गेलं. सरकार आदर्श असताना कुणी तक्रार करतो, म्हणजे तो आजारीच असला पाहिजे, असं ते तर्कशास्त्र.

खऱ्या आजाराचं काय?

एवढं वाचून कुणाला वाटेल, की वेड म्हणजे समाजानं रचलेलं कुभांड. साठच्या दशकातल्या काही विचारवंतांनाही असं वाटलं होतं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ आर. डी. लँग यांनी रुग्णाच्या असंबद्ध बोलण्यात अर्थ शोधला. ते आवश्यकच होतं. पण त्यांच्या वाचकांपैकी अनेकांनी आजारालाच क्रांती समजायला सुरुवात केली. प्रतिसंस्कृतीच्या साहित्याची सर्वांत मोठी चूक ती हीच.

स्किझोफ्रेनिया हा खरा आजार आहे. कानात आवाज येतात, प्रत्येक नजर आपल्याविरुद्ध कट करते असं वाटतं, झोप जाते, कामधंदा आणि नाती तुटतात. त्यात स्वातंत्र्य नसतं, जाच असतो. आणि त्यावर उपचार आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटात कोकणातला शेष हा तरुण या आजारातून जातो. अतुल कुलकर्णींनी ती भूमिका केली आहे. चित्रपट त्याला अवलिया करत नाही आणि पाप्यासारखा लपवतही नाही. बहीण, औषध आणि धीर यांच्या आधारानं तो जमेल तेवढा उभा राहतो. बंडखोर साहित्यावर प्रेम करणाऱ्यानं हा चित्रपट जरूर पाहावा. उतारा म्हणून.

आपल्या व्यवस्थेनंही या दोन गोष्टींची गल्लत करूनच सुरुवात केली. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. कुलाब्याला ठाणं जवळचं, म्हणून इकडे ‘ठाण्याला पोचवा याला’ एवढं म्हटलं की भागायचं. १९१२ च्या वेडविषयक कायद्यानुसार वेडा वाटणारा माणूस भटकताना दिसला तर पोलीस त्याला उचलू शकत आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमानं त्याला भरती करता येई. इतर अनेक गोष्टींप्रमाणे हा कायदाही इंग्रज गेल्यावर चाळीसहून जास्त वर्षं टिकला. १९८७ चा कायदा लागू झाला तेव्हा कुठे तो हटला.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. तो मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितलं आहे, की एखाद्याला मानसिक आजार आहे हे त्याच्या राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थानावरून ठरवायचं नाही. तसंच समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामाविषयीची, राजकीय मूल्यं किंवा धार्मिक श्रद्धा तो मानत नाही, यावरूनही ठरवायचं नाही. ‘कामाविषयीची’ हा शब्द वाचून ब्रॉडस्की आठवतो. सांगवीकर आठवतो. सुरतेला उतरलेला विनायक आठवतो. साठच्या दशकात सायक्लोस्टाइलच्या शाईनं जे भांडण मांडलं गेलं, ते अर्धशतकानं राजपत्रात छापून आलं.

म्हणून ‘येरा’ हा शब्द ओठांवर आला, की दोन प्रश्न विचारून पाहावेत. त्रास कुणाला होतोय? त्या माणसालाच होत असेल, त्याची झोप, भूक, माणसं हातची जात असतील, तर डॉक्टर हवा आणि तोही लवकर. काही आजारांत माणसाला आपण अगदी ठणठणीत आहोत असं वाटतं, तेव्हा जवळच्यांना जागं राहावं लागतं. पण तो मजेत असेल, कुणाचं नुकसान करत नसेल आणि त्रास फक्त शेजाऱ्यांच्या कल्पनेला होत असेल, तर दुसरा प्रश्न: मग उपचार कुणाला हवेत?

पेणचा वाचक

आता पेणच्या कवीकडे. सतीश काळसेकर मूळचे मालवणजवळच्या काळसे गावचे, जन्म १९४३ चा. ‘फक्त’सारख्या अनियतकालिकांत ते, तुळसी परब आणि इतर मित्र आघाडीवर होते. १९७१ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह आला, ‘इंद्रियोपनिषद’. उपनिषदासारख्या पवित्र शब्दाला इंद्रियं जोडायची, हे त्या पिढीचं शुद्ध बंडखोर काम. पुढे ‘साक्षात’ आणि ‘विलंबित’ आले. ते डाव्या विचारांचे होते, लोकवाङ्मय गृहाशी जोडलेले होते आणि ‘आपले वाङ्मय वृत्त’चे संपादक होते.

आणि ते बँकेत नोकरी करत होते. बँक ऑफ बडोदात. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले चित्रकार, नेमाडे प्राध्यापक, पाध्ये पत्रकार. केस वाढवून गांजा ओढणारा बेघर कवी हे चित्र मराठी प्रतिसंस्कृतीला फारच थोडं लागू पडतं. यातल्या बहुतेकांनी महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार घेतला आणि त्या पगारातून अंक काढले. वेड त्यांनी लेखणीसाठी राखून ठेवलं, संसाराला झळ लागू दिली ती बेतानं. हा दुटप्पीपणा नव्हता. कुणाच्या जाहिरातीवर, सरकारी खरेदीवर, पुरस्कारावर अवलंबून न राहता बोलायचं तर पैसा कुठून तरी आपल्याच कष्टाचा यायला हवा. ज्यांच्याकडे हा आधार नव्हता त्यांना किंमत जास्त पडली. बंडखोरीचं गुणगान करताना तो हिशेब विसरू नये.

काळसेकरांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक कवितेचं नाही. ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव बघा: लिहिणाऱ्याची नव्हे, वाचणाऱ्याची. पुस्तकं, ती मिळाली ती दुकानं, फूटपाथवरचे विक्रेते, ती लिहिणारी माणसं, असं सारं त्यात येतं. ज्या पिढीनं मराठीला झोडपून काढलं तिच्यातल्या एकानं म्हातारपणी मराठी वाचकाची निगुतीनं नोंदवही ठेवली. २४ जुलै २०२१ रोजी पेणलाच त्यांचं निधन झालं.

चित्रे यांनीही उत्तरायुष्य तुकारामाला दिलं. ‘पुन्हा तुकाराम’ १९९० चं. कोलटकरांनी शेवटी काळा घोडा चौकातल्या फूटपाथवरची माणसं लिहिली आणि ‘भिजकी वही’त जगभरच्या रडणाऱ्या बायका गोळा केल्या. साचा मोडणाऱ्यांनी त्यातून पडलेले तुकडे टाकून दिले नाहीत. ते उचलून घरी नेले, पुसले, जपले. हे ज्याला जमतं त्याचं वेड टिकतं. नुसतं मोडणाऱ्याचं वेड तरुणपणाबरोबर उतरतं.

राहता राहिली गागोद्याची आणि रोह्याची ती दोन पोरं. हुशार विद्यार्थी चिंतामणरावांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपदाचा राजीनामा तोंडावर फेकला. तेव्हा दिल्लीतल्या शहाण्यांना तेही वेडच वाटलं असणार. याच माणसानं कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणलं होतं. दाखले जाळणाऱ्या विनोबांनी गीता मराठीत आणली, तीही इतकी सोपी की ‘गीताई’ घराघरांत गेली. दोघांच्याही संस्कृतचा शेवट मराठीत झाला. दोघेही १९८२ साली गेले, सहा आठवड्यांच्या अंतरानं.

विनोबा दाखले जाळत होते तेव्हा आई रुक्मिणीबाई जवळच होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही आणि शाबासकीही दिली नाही. ठेवलेस तर काय बिघडेल, एवढंच विचारलं. मुलानं दिलेलं उत्तर ऐकून घेतलं. आणि चुलीतला कागद जळू दिला.